तांडेलचा फळा

आमच्या कंपनीत इंटरकॉमवर “तांडेल बोलतोय. गेला.” एवढं ऐकू आलं की लोक कीबोर्डवरचे हात काढून घ्यायचे आणि हसायला लागायचे. अकाउंट्समधून कोणीतरी ओरडायचं, “आज कितव्यांदा रे?” डिस्पॅचवाले विचारायचे, “दहन किती वाजता?” मग तांडेल पडलेल्या आवाजात सांगायचा, “सकाळी चांगला होता हो. दोन बिलं छापली. मग एकदम डोळेच फिरवले. ज्यांना शेवटचं बघायचंय त्यांनी या. गर्दी करू नका.”

गेल्या महिन्यात दुपारी माझ्या घरी फोन वाजला. “सुनंदा तांडेल बोलतेय. गेले.” ही त्याची बायको. इतक्या वर्षांच्या सवयीने माझ्या ओठांवर आधी हसू आलं आणि शब्दांचा अर्थ मागाहून पोचला. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. रोज थोडं लिहिते आणि बरंचसं खोडते.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कंपनीत मी ग्रंथपाल होते. रसायनशास्त्राची पुस्तकं, परदेशी नियतकालिकं आणि मी, असे आम्ही पहिल्या मजल्यावरच्या एका लांबट खोलीत राहत होतो. नव्वदनंतर कंपनीत कॉम्प्युटर आले. सगळ्या टेबलांवरच्या कॉम्प्युटरांचं काम ज्याच्या पोटात साठायचं, तो सर्व्हर ठेवायला थंड, बिनधुळीची जागा हवी होती. तशी खोली एकच होती, माझी. एके सकाळी माझ्या कपाटांच्या मागे एसी बसला आणि दुसऱ्या दिवशी सर्व्हरबरोबर तांडेल आला.

मोरेश्वर तांडेल. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला. बुटका, मानेने जाड, जाळी ओढून ओढून कमावलेले हात, आणि त्या सगळ्याशी काही संबंध नसलेला दोरीला बांधलेला नाजूक चष्मा. पहिल्याच दिवशी त्याने पिशवीतून नारळ आणि कोयता काढला. मी खुर्ची मागे सरकवली.

“घाबरू नका बाई. होडी पाण्यात सोडताना फोडतात, तसा याच्यापुढे फोडतो.”

एका घावात नारळाचे दोन तुकडे झाले. पाणी त्याने अलगद वाटीत धरलं, एक थेंबही मशीनवर उडू दिला नाही. मग भिंतीवर खिळा ठोकून कोयता सर्व्हरच्या डोक्यावर टांगला.

“हा इथे कशाला?” मी विचारलं.

“त्याला दिसत राहू दे. नीट वागेल.”

तो नीट वागला नाही. मी अनेक यंत्रं बिघडताना पाहिली आहेत, पण इतकं मनापासून मरणारं यंत्र पुन्हा पाहिलं नाही. दोष लोखंडाचा नव्हता, असं तांडेल सांगायचा. दोष त्याच्या आत्म्याचा होता. आत्मा म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, मशीनला मशीनपण देणारी ती मूळ आज्ञावली. आधीची सिस्टिम मरताना पडदा काळा करायची. मग नवी, महागडी आणली, ती निळा करायला लागली. “आपल्याच कंपनीचा रंग,” तांडेल म्हणाला. “रोग तोच. कफन बदललं.”

त्याची भाषा ऐकून बाहेरच्या माणसाला वाटावं की इथे कत्तलखाना चालतो. कॅबिनेट उघडलं की “पोट फाडलं.” मेमरीच्या पट्ट्या काढल्या की “आतडी बाहेर ठेवलीत, पाय देऊ नका.” एखाद्याचा कॉम्प्युटर अडकला की तो फोनवर शांतपणे सांगायचा, “गळा दाबा. बटण, बटण म्हणतोय मी. दाबून धरा. तडफडेल, लक्ष देऊ नका.” आणि मग त्याचा आवडता नियम, जो मी निदान शंभर वेळा तरी ऐकला असेन: “पंखा पूर्ण थांबू दे. मेलेल्याला पूर्ण मरू द्यायचं, मग उठवायचं. अर्धवट मेलेला उठवला की भूत होतं.”

पडद्यावर येणाऱ्या इंग्रजी सूचना तो मला मोठ्याने वाचून दाखवायचा. ‘अनपेक्षित चूक झाली आहे’ असं आलं की पडद्यासमोर हात जोडायचा. “अनपेक्षित? अरे राजा, तुझ्याकडून आम्ही दुसरं काय अपेक्षिलं?” एक सूचना त्याची विशेष लाडकी होती. तीत म्हटलेलं असायचं की या प्रोग्रामने बेकायदेशीर कृत्य केलं आहे, म्हणून तो बंद करण्यात येत आहे. ती आली की तो खुर्ची फिरवायचा. “बघा बाई. गुन्हा केला, जागेवर फाशी. अख्ख्या कंपनीत पकडला जाणारा गुन्हेगार हा एकटाच.”

ठाण्याच्या वागळे इस्टेटीत, डोंबिवलीत, अंबरनाथला त्याच्यासारखे सर्व्हर सांभाळणारे आठ-दहाजण होते. महिन्यातून एकदा रविवारी दुपारी ते शीळफाट्याच्या एका ढाब्यावर जमायचे. या मेळाव्याला त्यांनी ‘स्मशान कमिटी’ नाव दिलं होतं. ज्याचा सर्व्हर त्या महिन्यात सर्वात हास्यास्पद कारणाने मेला, त्याचं जेवण इतरांकडे. सोमवारी तांडेल मला निकाल सांगायचा. कोणाचा सर्व्हर मालकाने गणेशपूजा करताना उदबत्तीच्या धुराने घुसमटला होता. कोणाचा, साफसफाईवाल्या बाईने झाडू मारायला प्लग काढल्यामुळे. एकाचा मात्र महिनाभर मेलाच नव्हता. “त्याला आम्ही हाकलला,” तांडेल म्हणाला. “खोटं बोलतो.”

हे शेवटचं तो हसत म्हणाला, पण त्यात गंमत कमी होती. खोलीच्या दाराशेजारी त्याने एक काळा फळा लावून घेतला होता. सर्व्हर मेला की उठवायचा, आणि उठवल्यावर खडूने फळ्यावर मरणाचं कारण लिहायचं. याला तो पंचनामा म्हणायचा. ‘वीज गेली.’ ‘अकाउंट्सने फ्लॉपीतून आणलेला रोग.’ ‘स्वभावानेच.’ कधीकधी ‘तांडेलच्या हातून.’ जनरल मॅनेजर परदेशी पाहुण्यांना घेऊन येणार होते तेव्हा त्यांच्या सेक्रेटरीने विनवलं, तेवढं शेवटचं पुसा, बरं दिसत नाही. तांडेलने पुसलं नाही. “मी मारला तर मी मारला. दिसतं कसं त्याला काय करायचंय?” कारण सापडलं नाही तर तो ‘माहीत नाही’ असं लिहायचा आणि दिवसभर चिडलेला असायचा.

एकदा मुंबईहून टाय लावलेला विक्रेता नवी सिस्टिम घेऊन आला. ही कोसळत नाही, असं तो सांगत होता आणि सांगतानाच पडदा निळा झाला. तांडेल उठला, खिळ्यावरचा कोयता काढून टेबलावर ठेवला आणि अत्यंत आदराने म्हणाला, “तुमच्याकडे सुतक किती दिवस पाळतात?” त्या मुलाने कोयत्याकडे पाहिलं. बॅग विसरून गेला बिचारा. संध्याकाळी तांडेल ती बॅग घेऊन स्वतः त्याच्या ऑफिसात देऊन आला.

कोयता खरोखर चालवलेला मी एकदाच पाहिला. आठवडाभर नेटवर्क सारखं तुटत होतं. त्या काळी सगळे कॉम्प्युटर एकाच केबलला ओवलेले असायचे. एका जागी दात लागला की अख्खी माळ मुकी. छताच्या फळीआड घूस सापडली. तांडेल स्टुलावर चढला आणि एका घावात तिचे दोन तुकडे करून खाली आला. भिंतीवर रक्ताची तिरकी रेघ उमटली. मी पुस्तकाआड तोंड लपवलं. मला वाटलं, आता याचे विनोद सुरू होतील. त्याने कोयता धुतला, भिंत पुसली, फळ्यावर लिहिलं: ‘घूस. जेवत होती.’ आणि दिवसभर बोलला नाही.

संध्याकाळी स्टेशनकडे चालताना त्याने त्याच्या वडिलांचं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. खाडीत डोलजाळं, म्हणजे खुंटांना बांधायचं मोठं जाळं, लावायच्या जागा ठरलेल्या असतात. त्याच्या वडिलांच्या जागेवर दुसऱ्याने खुंट मारले. भांडण झालं, आणि भर दुपारी, धक्क्यावर गाव उभं असताना, त्या माणसाने वडिलांच्या डोक्यात वल्हं घातलं. एकदा नाही, बऱ्याचदा. मोरेश्वर तेव्हा शाळेतून नुकताच आला होता. दप्तर पाठीवर होतं.

“पोलीस आले. साऱ्या गावानं सांगितलं, हिराजीचा पाय घसरला. माझ्या काकाने सांगितलं. आईने पण सांगितलं. तिला त्याच गावात राहायचं होतं ना.” स्टेशनचा पूल आला तेव्हा म्हणाला, “मरणाचं काय, मरतात सगळे. पण कशाने मेला ते तरी खरं लिहा की माणसाचं.”

यानंतर मी त्या फळ्याकडे पाहून पूर्वीसारखी हसू शकले नाही. तो मात्र हसवत राहिला.

कंपनीत फिल्टर प्रेसवर बरीच कंत्राटी माणसं होती, शहापूर-खडवलीकडची. तिथे दिवसभर रंगाचा चिखल दाबून वाळवायचा असतो. त्यांचे हात मनगटापर्यंत कायम लाल, काहींचे पिवळे, लग्नातसुद्धा तसेच. वर्षानुवर्षं तेच काम करूनही कागदोपत्री ती रोज नवी माणसं होती. त्यांनी लेबर कोर्टात दावा लावला: आम्ही सलग काम केलंय, आम्हाला कायम करा. कंपनी म्हणाली, सलग नाही, येऊन-जाऊन. मग त्यांच्या वकिलाने हजेरी मागितली. गेटवर पंच होणारी प्रत्येक हजेरी सर्व्हरमध्ये होती. कोर्टाने सांगितलं, छापून आणा.

प्रधान हे आमचे पर्सोनेल मॅनेजर. हसतमुख, अत्तर लावणारे. ते एरवी कधी खोलीत येत नसत. त्या दिवशी आले, माझ्याकडे एक पुस्तक मागितलं, ते न उघडता तांडेलच्या टेबलाशी बसले.

“काय म्हणतो तुमचा पेशंट?”

“आहे. धुगधुगी आहे.”

“या आठवड्यात दगावला तर?” प्रधान हसत होते. “म्हणजे हजेरीपुरता. बॅकअपच्या टेपा माझ्याकडे पाठवून द्या, मी कुलपात ठेवतो. टेपाही खराब निघतात म्हणे.”

तांडेलला आधी वाटलं, आपल्याच चालीचा विनोद आहे. तो हसला. “साहेब, हा आपल्या मर्जीने मरतो. दुसऱ्याचं ऐकत नाही.”

“अहो, तुमच्यावर कोण संशय घेणार? साऱ्या एमआयडीसीला ठाऊक आहे तो रोज मरतो. तुम्हीच तर सांगत असता.”

तांडेलचं हसू त्या वाक्यावर थांबलं. इतकी वर्षं त्याने ज्याच्या मरणाची थट्टा केली होती, ती थट्टाच आता साक्षीला उभी राहणार होती.

“फळ्यावर काय लिहू?” त्याने विचारलं.

“लिहा की. स्वभावानेच.” प्रधान उठले. टेपा त्याच दिवशी शिपाई घेऊन गेला. वरून लेखी हुकूम होता. आता ती हजेरी एकाच ठिकाणी उरली, त्या मरतुकड्या मशीनच्या पोटात.

असल्या गोष्टी कॅन्टीनमध्ये चहाच्या आधी पोचतात. दुसऱ्या दिवशी जिन्यात काळुराम भेटला. फिल्टर प्रेसवरचा, खडवलीचा, तिशीतला, त्या सगळ्यांचा पुढारी. लाल हात कमरेवर ठेवून म्हणाला, “तांडेलशेट, तुमचा डबा मेला ना, तर त्याच्यासंगट अजून एक मयत निघंल.”

“माझी का?”

“तुम्हीच बघा.”

“बरं. फुलं चांगली आण,” तांडेल म्हणाला. पण खोलीत येऊन बसला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्याला धमकीचं काही वाटलं नव्हतं. “बाई, मी मारणार नाही हे मना ठाऊक हाय. पण हा मुडदा खरंच मेला तर? कोण मानेल?” घाबरला की त्याच्या बोलण्यात घरची भाषा यायची.

त्या दिवसापासून तो सर्व्हरला मुडदा म्हणेनासा झाला. हळू आवाजात ‘बाबा’ म्हणायला लागला. “बाबा, आज नको हां. दोन दिवस काढ.” कोणालाही त्याच्यावर नवीन काम टाकू देईना. स्मशान कमिटीतल्या मित्राचा फोन आला, “काय रे, जिवंत का अजून?” तर याने फोन आपटला. आणि तो बाबा, ज्याने कधी आठवडा सलग काढला नव्हता, खरोखरच तग धरून राहिला.

शनिवारी सकाळी त्याने छपाई सुरू केली. मोठा प्रिंटर करवतीसारखा आवाज करत कागदाची घडी खाली सोडत होता. सोमवारी कोर्ट. अर्ध्याहून कमी छापून झालं असेल. मी एक सूचीपत्र तपासत होते आणि मला घाम आल्याचं जाणवलं. वर पाहिलं. एसीचा आवाज बंद होता. वीज होती, दिवे होते, फक्त एसी नव्हता; त्याचा स्विच खाली मीटरच्या खोलीत होता. तांडेलने खिडकीकडे झेप घेतली. ती खिळ्यांनी बंद केलेली होती. तेवढ्यात प्रिंटर थांबला. पडदा निळा झाला.

इंटरकॉमवर त्याने काही सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही, कारण टेबलोटेबली कॉम्प्युटर गोठले आणि कोणीतरी सवयीने जिन्यात ओरडलं, “गेला रे गेला!” अकाउंट्समध्ये हशा पिकला. तो हशा खाली गेटपर्यंत गेला.

मग जिन्यावर पावलं वाजली. दार उघडलं नाही, फुटलं. फिल्टर प्रेसवरची पंधरा-वीस माणसं आत घुसली. माझं एक कपाट कोसळलं, जाडजूड खंड जमिनीवर आपटले. कोणीतरी तांडेलची कॉलर धरून त्याला भिंतीवर आदळलं, चष्म्याची दोरी तुटली. “विकला गेलास ना? कितीला गेलास?” एक ठोसा तोंडावर बसला. तो ओरडत होता, “थांबा रे! मेलाय, पण पोटात हाय सगळं! उठवतो मी!” पण ‘मेलाय’च्या पुढचं कोणी ऐकत नव्हतं. त्याच्या तोंडचा तो शब्द सगळ्यांच्या ओळखीचा होता.

काळुरामची नजर खिळ्याकडे गेली. कोयता त्याने हिसकला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. “रोज मरतंय ना? आज मीच मारतो.”

घाव सर्व्हरवर पडणार होता. तांडेलने भिंतीपासून अंग सोडवलं आणि डावा हात मध्ये घातला.

आवाज फार लहान झाला. नारळाचा होतो त्याहून लहान. कोयता कॅबिनेटच्या कडेला लागून थांबला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जमिनीवर, माझ्या एका पुस्तकाच्या पानावर पडलं. रक्त निळ्या पडद्यावर उडालं आणि खाली ओघळू लागलं. काळुराम कोयता धरून तसाच उभा राहिला. त्याचे हात आधीच लाल होते. कुठला रंग कुठला हे त्याला स्वतःलाही कळत नसावं.

तांडेलने मनगट काखेत दाबलं, एक सणसणीत शिवी हासडली आणि जमिनीवर बसला.

“बाई, मागचं बटण.”

“आधी डॉक्टर!”

“आधी हा. मी मरत नाय इतक्यात. मागचं बटण, दाबून धरा.”

मी दाबलं.

“सोडू नका. पंखा पूर्ण थांबू दे. काळ्या, ए काळ्या! कोयता ठेव. तो पुठ्ठा घे आणि वारा घाल त्याला. मला नाय रे, त्याला! तुझी हजेरी हाय त्याच्यात.”

आणि मी जन्मात विसरणार नाही असं दृश्य मी पाहिलं. ज्याने घाव घातला होता तो माणूस रक्तात गुडघे टेकून पुठ्ठ्याने सर्व्हरला वारा घालत होता. मागे त्याची माणसं उभी होती. कोणीतरी डोक्याचा रुमाल सोडून तांडेलचा हात बांधत होतं. पंखा थांबला. मी बटण पुन्हा दाबलं. मशीनने घशातून आवाज काढला, थांबलं, मग सुरू झालं. पडद्यावर पासवर्ड मागितला. तोवर तो कोणालाही माहीत नव्हता.

“हिराजी,” तांडेलने डोळे मिटून सांगितलं. “इंग्रजीत टाका. सगळी लहान अक्षरं.”

प्रिंटर पुन्हा करवत ओढू लागला. नावांमागून नावं. कोणीतरी वाचलं, “काळ्या, तुझं आलं बघ.” काळुरामने पाहिलं नाही. तो वारा घालत राहिला आणि मोठ्याने रडत होता.

कंपनीच्या जीपमध्ये चढवताना तांडेलने मला जवळ बोलावलं. “फळा राहिला.”

“काय लिहू?”

“एसी बंद झाला.”

“बंद केला म्हणून लिहिते. सगळ्यांना माहीत आहे कोणी.”

“तुम्ही बघितलं?”

“नाही.”

“मग एसी बंद. कोणी, माहीत नाही.” त्याचे ओठ पांढरे पडले होते. “माहीत नाही ते माहीत नाही म्हणूनच लिहायचं, बाई.”

संध्याकाळच्या आत पोलीस इस्पितळात आले. पलंगाच्या एका बाजूला प्रधान उभे होते, दाराशी काळुरामचा भाऊ हात जोडून. दोघांना दोन वेगळ्या कारणांनी एकच गोष्ट हवी होती. प्रधानांनीच तोंड उघडलं. “अपघात आहे, इन्स्पेक्टर. तो कोयता उगाच टांगलेला असायचा. यांचा पाय घसरला.”

तांडेल औषधाच्या गुंगीत होता. ते शेवटचे दोन शब्द ऐकून त्याने डोळे उघडले.

“कोणाचाच पाय घसरला नाय,” तो म्हणाला. “लिहा साहेब. काळुरामने कोयता मारला. मशीनवर मारला, माझ्यावर नाही. हात मी मध्ये घातला, आपणहून. मशीन कंपनीचं आहे, कंपनीने वाटलं तर तक्रार करावी. आणि मशीन मेलं होतं कारण चालू विजेत एसी बंद झाला. तो कसा झाला ते पण विचारा.”

इन्स्पेक्टरने लिहिता लिहिता मान वर करून प्रधानांकडे पाहिलं. कंपनीने तक्रार केली नाही. काळुरामला काही दिवसांनी सोडलं. कोयता मुद्देमाल म्हणून गेला तो गेलाच. छापील हजेरी सोमवारी कोर्टात पोचली, आणि बऱ्याच तारखांनंतर त्यातली बहुतेक माणसं कायम झाली. तांडेलची बदली गोदामात झाली, जिथे कॉम्प्युटर नव्हता. त्याने नोकरी सोडली आणि टेंभी नाक्याजवळ एका माळ्यावर दुरुस्तीचं दुकान काढलं. दुकानात फळा होता. त्यावर पहिल्या दिवशी लिहिलेलं होतं: ‘बोटं दोन. कारण: मध्ये घातली.’

दर नारळी पौर्णिमेला काळुराम नारळ घेऊन चेंदणीला यायचा. तांडेल त्याच्याच हातात घरचा कोयता द्यायचा. “फोड. तुझा हात बसलाय.” सुनंदा संतापायची, काळुराम खाली बघायचा, आणि हा एकटाच हसायचा.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते यंदाच्या उन्हाळ्यात. पोट दुखतंय म्हणून तो महिनाभर झोपून होता. कोळीवाड्याच्या तोंडाशीच सुनंदाने मला गाठलं. डॉक्टरांनी काय सांगितलं ते तिने कानात सांगितलं, आणि म्हणाली, “त्यांना अल्सर सांगितलाय. तुम्ही काही बोलू नका हां, ताई. आईंनी सगळ्यांना देवाची शपथ घातलीय.”

तो दाराजवळ खाटेवर बसला होता. जाळं ओढणारे हात काठीसारखे झाले होते. म्हातारी आई उंबऱ्याशी बोंबील निवडत होती.

“या बाई. बसा. अल्सरचा पेशंट बघायला आलात ना?” त्याने अंगणात बांधलेल्या कोंबड्याकडे बोट केलं. “काळ्याने खडवलीवरून आणलाय. गावठी. अल्सरसाठी कोणी एवढा कोंबडा आणतो का? रडत होता वर. अल्सरसाठी.”

आई खाली मान घालून बोंबील निवडत राहिली. हाताचा वेग वाढला होता.

“सगळे आलेत,” तो म्हणाला. “कमिटी आली, मामा आला, डॉक्टर पण येऊन गेला. सगळ्यांचं एकच. शाळेतून आलो त्या दिवशी पण असंच होतं, सगळ्यांचं एकच.” मग आवाज खाली घेऊन, “बाई. फळ्यावर काय लिहाल?”

आईचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, मुलाकडेही नाही. समोर खाडीकडे पाहत राहिली.

“कॅन्सर,” मी म्हटलं. “स्वादुपिंडाचा. पसरलाय.”

त्याने मान हलवली, जशी तो अवघड बिघाड सापडल्यावर हलवायचा. “हां,” म्हणाला. “आता बसलं.” आणि आईकडे वळून, जिने एकदा साऱ्या गावाबरोबर पाय घसरला म्हणून सांगितलं होतं, अगदी मऊपणे म्हणाला, “आये, रडू नको गो. बाई खरं बोलली. बेस झालं.”

म्हातारीने ओल्या हातानेच त्याचा पाय पकडला आणि तसाच धरून ठेवला.

मी निघाले. गल्लीच्या टोकाशी बायका दोरीवर बोंबील वाळत घालत होत्या. मागून हाक आली म्हणून वळले. तो खाटेवर ताठ बसला होता. तीन बोटांचा हात त्याने रिसीव्हरसारखा कानाला लावला होता आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होता,

“तांडेल बोलतोय! अजून नाय गेला!”

बायका हसल्या. त्याने हात खाली केला नाही. मी वळणापलीकडे जाईपर्यंत तो तसाच कानाला लावून बसला होता, पलीकडून कोणी काही विचारतंय का ते ऐकत.